लुगडं कापायचं की नेसायचं?



पाडवा जवळ आला की आपल्या शिवणकाम करणाऱ्या बायांना दम खायला वेळ नसतो. प्रत्येकीला 'रेडी नऊवारी' हवी असते. आमच्या एका बैठकीला कॉलेजात जाणारी एक मुलगी तिच्या आजीचं इरकल घेऊन आली. ते कापून तिला शिवलेली नऊवारी करायची होती. शेजारी बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "आगं पोरी, लुगडं काय कापत्यात व्हय? नेसत्यात त्ये." मुलगी म्हणाली, "पण आजी, मला नेसता येत नाही." दोघींचंही खरं होतं. म्हणून आज लुगड्याचीच गोष्ट सांगायची, असं आम्ही ठरवलं.

लुगडं हे आधी कामाचं कापड. कासोटा मागं खोचला की भांगलायला वाकता येतं, चिखलात उतरता येतं, डोक्यावर भारा घेऊन ओढा ओलांडता येतो. आत परकर लागत नाही. आणि पोटाशी ओचा. त्यात शेंगा, पैसे, पानसुपारी, माहेराहून आलेलं पत्र, सगळं मावायचं. आज बायकांच्या कपड्यांना खिसे का नाहीत म्हणून आपण चिडतो. आपल्या आज्यांना तो प्रश्नच पडला नव्हता.

पण फॅशन तेव्हाही होतीच. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचं नाव ज्यांनी मोठं केलं ते बालगंधर्व आठवा. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. रंगमंचावर त्यांनी नेसलेला शालू, त्यांची नथ, त्यांचा गजरा बघून घरोघरच्या बायका तसंच करू लागल्या. बाईनं कसं नेसावं हे एका पुरुषाकडं बघून ठरत होतं! आज सिनेमा बघून 'पेशवाई' नऊवारी मागणाऱ्या मुलींना हसण्याआधी हे लक्षात ठेवू या.

मग नऊवारी मागं का पडली? एक कारण शाळा आणि शहर. १९३० साली आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. लोखंडी नांगरांच्या कारखान्याच्या गावातून निघालेलं हे मासिक बायकांनी शिकावं, मोकळं वागावं असं सांगत होतं. शिकलेली, नोकरी करणारी बाई हळूहळू गोल पातळात दिसू लागली. दुसरं कारण महागाई. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. पाच-सहा वारांत भागत असेल तर नऊ वार घेणार कोण? पुढं पाचवारी म्हणजे शहाणी, शिकलेली आणि लुगडं म्हणजे अडाणी, खेडवळ, असा शिक्काच बसला.

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आमच्यातल्या कितीतरीजणींनी शाळेत असताना आईला सांगितलं होतं, "तू गॅदरिंगला येऊ नकोस. आलीस तर लुगडं नेसून येऊ नकोस." एकीच्या आईनं त्या दिवसापुरती शेजारणीची पाचवारी मागून आणली, आणि सवय नसल्यानं निऱ्या पायात येऊन ती फाटकातच पडली. मुली हसल्या, आमची मैत्रीणही हसली. आई आता नाही. आज तीच मैत्रीण पाडव्याला हौसेनं शिवलेली नऊवारी घालते आणि म्हणते, "फोटो काढताना मला आईचे पाय दिसतात."

तरी जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. जुन्या कपड्यात जातही विणलेली होती. लुगडं घोट्यापर्यंत नेसायचं की वर, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, यावरून बाईची जात ओळखू यायची. साताऱ्यात शाळा शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांपुढं बोलले. जातीची खूण सांगणारं ते नेसणं आणि ते जड दागिने सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते ऐकलं आणि लगेच नेसणं बदललं. काही इंच कापड खाली आलं, पण मान केवढी वर आली! काही घरांत विधवेला लाल आलवण नेसावं लागे, अंगात चोळीही नसे. आपल्या आज्यांना सक्तीनं नेसावं लागलं ते परत आणायचं नाही. त्यांनी आवडीनं नेसलं ते जरूर आणावं.

आता परत आलेल्या नऊवारीकडं बघू. ती विजारीसारखी पायात चढवायची, नाडी बांधायची, की झालं. दोन मिनिटांचं काम. लेझीम खेळायला, स्कूटर चालवायला सोयीची. पण निऱ्या शिवून टाकल्या की ओचा जातो. परवा एक मुलगी विचारत होती, "यात मोबाईल कुठं ठेवायचा?" आजींनी नुसतं आपल्या पोटाशी बोट दाखवलं!

खणाचंही तसंच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण चोळीपुरता विणला जायचा, ओटीत नारळासोबत यायचा. आता त्याच्याच साड्या, पर्स आणि तोरणं झाली आहेत. मागकऱ्याला काम मिळत असेल तर आम्हाला आनंदच आहे. फक्त घेताना हातमागाचा आहे का, एवढं विचारा.

राहिलं ते इरकल. इरकलाचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो. पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक करून फास्यांनी अडकवलेले असतात. तो टोपपदर. कात्री चुकीच्या जागी लागली तर विणकराचं ते सगळं काम उसवतं, आणि मग ते कुणालाच जोडता येत नाही.

त्या मुलीचं काय झालं? आजींनी तिला तिथंच उभं केलं. तिच्या पंजाबी ड्रेसवरूनच लुगडं गुंडाळलं, गाठ मारायला शिकवली, कासोटा घालून दाखवला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्यांदा ती चार पावलं चालली आणि ओच्यात मोबाईल टाकून हसली. शिवायला नवं कापड घेते म्हणाली. आजीचं इरकल तिनं घडी घालून परत नेलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात लुगडं नेसणाऱ्या किती बाया उरल्यात ते एकदा मोजा. त्यातल्या एकीकडं या आठवड्यात जाऊन बसा आणि नेसायला शिका. हौस म्हणून शिवलेली नऊवारी घाला, आमची काही हरकत नाही. पण ती घालून आईबरोबर, आजीबरोबर एक फोटो नक्की काढा, आणि त्या फोटोत तिला मध्ये उभी करा.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. रामराम.