कंदिलाचं स्टेशन

रेल्वेने कराडला येणारा माणूस कराडात उतरत नाही. तो उतरतो कृष्णेपलीकडे, ओगलेवाडीला. काचकारखान्याने नाव दिलेली ही वसाहत. आज गाड्या थांबतात, पण ज्या भट्ट्यांमुळे हे नाव महाराष्ट्रभर पोचलं, त्या कधीच विझल्या.

१८७६-७८च्या दुष्काळाने धडा दिला, की रेल्वे नसेल तर धान्य असूनही माणसं मरतात. मग सदर्न मराठा रेल्वेने या मुलखात मीटरगेज रूळ टाकले. १८९०च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग जोडला गेला. औंध संस्थानची गावं याच पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१६मध्ये ओगले बंधूंनी कराड स्टेशनजवळ काचकारखाना काढला, त्यालाही औंधचाच आधार होता.

काचेच्या धंद्याला रेल्वे हवीच. भट्टीला कोळसा लागतो आणि तो बैलगाडीने परवडत नाही. तयार माल मुंबईकडे पाठवायचा तर पुण्यात मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरावा लागे. काचेसारख्या मालाची ही उलथापालथ सोसून ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत गेला.

माझ्या आजीकडे तो होता. दिवेलागणीआधी ती काच काढायची, चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घेऊन काजळी पुसायची, जळालेली वात कात्रीने सरळ कापायची. वात तिरकी राहिली की ज्योत एका बाजूला चढते आणि काच तडकते. काच फुटली तर घरात सुतक असल्यासारखं वाटे.

पुढे त्याच कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेवर धरण झालं, १९६२पासून वीज निघू लागली. १९७१पर्यंत पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. वाहतूक सोपी झाली, पण वीज गावोगाव पोचली तशी कंदिलाची मागणी आटत गेली. किर्लोस्करवाडी नांगरावरून पंपांकडे वळली आणि टिकली. ओगलेवाडीची ओळख मात्र कंदिलाशीच बांधलेली राहिली.

रेल्वेच्या इतिहासात आपण पूल आणि बोगदे मोजतो. पण स्टेशनाला मोठं करतो तो तिथून चढणारा माल आणि तो घडवणारे हात. ओगलेवाडीत फुंकनळीने काच फुगवणाऱ्या कामगारांची पुढची पिढी अजून आसपास आहे. त्यांच्या घरातल्या आठवणी, हजेरीपत्रकं, साचे आत्ताच गोळा करायला हवेत. हे काम कराडकरांचं आहे, आणि ते दुसरं कुणी करणार नाही.