वीस डॉलरची कार्बाइन

युद्ध संपलं की सैन्याकडे बंदुका उरतात. काही वितळवल्या जातात, काही मित्रराष्ट्रांना दिल्या जातात. अमेरिकेने आणखी एक वाट काढली. हौशी नेमबाजांना त्या स्वस्तात विकायच्या! यामागे १९०३ सालापासूनचं सरकारी धोरण होतं : उद्या ज्याला सैन्यात बोलवायचं, त्या नागरिकाला आजच नेम धरता यावा. आपल्याकडे लष्करी काडतुसाची बंदूक साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे आपल्याला हे चमत्कारिक वाटेल.

या बंदुकांमधली लोकांची लाडकी म्हणजे एम-१ कार्बाइन. कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल. ट्रकचालक, तोफखान्यातले जवान, संदेशवहनाची माणसं, अधिकारी यांना पिस्तुलापेक्षा बरं हत्यार हवं होतं. पण सव्वाचार किलोंची गॅरँड रायफल खांद्यावर घेऊन त्यांना आपलं काम करता आलं नसतं. विंचेस्टर कंपनीची अडीच किलोंच्या आतली कार्बाइन लष्कराने १९४१ मध्ये स्वीकारली आणि १९४५ पर्यंत अशा ६० लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या.

एवढ्या बंदुका नेहमीच्या कारखान्यांतून निघणं शक्य नव्हतं. मग टाइपरायटर करणारी अंडरवुड, हिशेबाची यंत्रं करणारी आयबीएम, जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, अशा सगळ्यांना कामाला लावलं. त्यात रॉक-ओलाही होती. नाणं टाकलं की गाणं वाजवणारे ज्यूकबॉक्स करणारी ही कंपनी. मुंबईच्या इराणी हॉटेलांत असे ज्यूकबॉक्स अनेकांनी पाहिले असतील. अट एकच होती. कोणत्याही कारखान्यातला भाग कोणत्याही कार्बाइनला बसला पाहिजे.

१९६३ साली सरकारने या कार्बाइन नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना वीस डॉलरला एक या दराने विकायला काढल्या. नेमबाजांची चंगळ झाली. त्याच वर्षी त्याच सुमारास तेवढ्याच पैशांत आणखी एक कार्बाइन मिळत होती. शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाची मासिकात जाहिरात होती : इटालियन सैन्यातली जुनी कार्बाइन, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट. मार्चमध्ये ए. हिडेल नावाच्या गिऱ्हाइकाने मनीऑर्डर पाठवली आणि माल डॅलसच्या एका टपालपेटीवर गेला. हिडेल हे ली हार्वे ऑस्वाल्डने घेतलेलं खोटं नाव होतं. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींवर ज्या बंदुकीतून गोळ्या झाडल्या गेल्या, ती हीच.

टपालाने मिळणाऱ्या पिस्तुलांना आळा घालणारं विधेयक सेनेटर थॉमस डॉड यांनी त्याआधीच, ऑगस्टमध्ये मांडलं होतं. हत्येनंतर त्यात रायफलीही आल्या. डॉड कनेटिकटचे, आणि कोल्ट, विंचेस्टर यांचे कारखानेही तिथलेच. स्वस्त परदेशी बंदुकांनी या कारखान्यांचं गिऱ्हाईक तोडलं होतं. तेव्हा कायद्यामागे लोकहित किती आणि धंदा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पाच वर्षं घोळ चालला. शेवटी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, १९६८ मध्ये कायदा झाला. सामान्य गिऱ्हाइकाला परराज्यातून टपालाने बंदूक मागवणं बंद झालं आणि परदेशी लष्करी बंदुकांची आयातही थांबली. संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती आयातबंदी १९८४ मध्ये सैल झाली.

सरकारी विक्रीची प्रथा मात्र टिकली. १९९६ मध्ये हे काम एका ना-नफा संस्थेकडे गेलं. इटलीला दिलेल्या कार्बाइन परत आल्या, त्या २००७ नंतर याच संस्थेने विकल्या. गिऱ्हाईक अमेरिकन नागरिक हवा, संलग्न नेमबाजी मंडळाचा सभासद हवा, आणि त्याची पोलिसी पार्श्वभूमी तपासली जाई.

अशी कार्बाइन निवडताना जाणकार आधी नळी बघतो. मापकाने तोंडाकडची आणि काडतुसाच्या बाजूची झीज मोजतो. चकाकणाऱ्या लाकडी दस्त्याला भुलत नाही. एक सुदैव असं, की या कार्बाइनची अमेरिकन काडतुसं पहिल्यापासून गंज न आणणारी होती. त्या काळच्या इतर लष्करी रायफलींच्या नळ्या काडतुसातल्या क्षारांनी खाल्लेल्या सापडतात, तसं इथे कमी दिसतं. नुसती नेमबाजी करायची असेल, तर इनलँडची कार्बाइन पुरे. ती २६ लाखांच्या घरात बनली, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त. रॉक-ओलाच्या सव्वादोन लाखांच्या आसपासच, म्हणून त्यांचा भाव चढा. पॅराशूटवाल्यांसाठीच्या घडीच्या दस्त्याच्या कार्बाइन तर फक्त इनलँडनेच केल्या. त्यांच्या नकलाही तितक्याच मुबलक.

युद्धानंतर लष्कराच्या कारखान्यांत या कार्बाइन उघडून दुरुस्त केल्या गेल्या. मागचा नेम बदलला, संगीन बसवायची सोय केली, आणि सुटे भाग हाताला लागतील तसे परत जोडले. त्यामुळे वर रॉक-ओलाचं नाव असलेल्या कार्बाइनची नळी अंडरवुडची आणि घोडा विंचेस्टरचा निघतो. गोळी त्याने तसूभरही चुकत नाही. तरीही संग्राहक वर्षानुवर्षं एकेक रॉक-ओला भाग शोधून, बदलून, ती ‘मूळची’ करत बसतात.