दप्तर ते स्मार्टफोन : जुने साधन बदलताना खाजगी माहितीचे संरक्षण
(पेण व रोहा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

माहिती ज्या साधनावर नोंदविलेली असते ते साधन जुने झाले म्हणून माहिती जुनी होत नाही. वापरातून गेलेले दप्तर माळ्यावर पडते किंवा रद्दीत निघते. त्यातील देण्याघेण्याचा, वाटणीचा, घरगुती तंट्यांचा मजकूर मात्र ते ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतो. जुना स्मार्टफोन विकताना किंवा दुसऱ्याला देताना हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो.

रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण व रोहा हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. लिखित साधनांचे जतन आणि आर्थिक व्यवहारांची गोपनीयता या दोन्ही विषयांशी संबंधित व्यक्ती या परिसराने दिल्या. आज पेण, हमरापूर व जोहे येथील मूर्तिकारांपासून धाटाव औद्योगिक क्षेत्रातील कामगारांपर्यंत आणि महाविद्यालयीन अध्यापकांपर्यंत सर्वांचे दप्तर मोबाईलमध्ये सामावले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) माहितीचे साधन हस्तांतरित होताना निर्माण होणाऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) गोपनीयतेची जबाबदारी संस्थेकडून व्यक्तीकडे कशी सरकली हे स्पष्ट करणे.
३) स्मार्टफोन बदलताना घ्यावयाच्या दक्षतेची मांडणी करणे.

कागदपत्रांचा काळ : वरसईची दोन उदाहरणे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे जन्मगाव वरसई हे पेण तालुक्यातील. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण २२ खंड सिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे मिळविताना त्यांना दोन अडचणी आल्या. काही घराण्यांनी कागद निरुपयोगी समजून नष्ट होऊ दिले, तर काहींनी ते दाखविण्यासच नकार दिला.

हा नकार इतिहाससंशोधनाला घातक ठरला, हे खरे. तथापि त्यामागे केवळ अज्ञान होते असे म्हणता येणार नाही. १८५२ च्या इनाम कमिशनने जुन्या सनदा व कागदपत्रे तपासून अनेकांची इनामे काढून घेतली होती. घरातील कागद परक्याच्या हाती गेला म्हणजे त्याचा अर्थ तो परका ठरवितो, हा अनुभव समाजाच्या स्मरणात होता.

याच वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात गेले आणि झाशीच्या रणधुमाळीचे साक्षीदार झाले. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली हकीकत १८८३ मध्ये लिहून दिली. राज्यकर्त्यांच्या रोषाची भीती असल्यामुळे ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली, तीही फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली.

या दोन उदाहरणांवरून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. शंभर वर्षांनी सापडलेले पत्र इतिहासाचे साधन असते. परंतु लिहिणारा आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते हयात असताना तेच पत्र उघड झाले तर त्यांच्या जीविताला, पैशाला किंवा प्रतिष्ठेला धोका पोहोचतो. माहिती केव्हा व कोणापुढे यावी हे ठरविण्याचा अधिकार माहितीच्या धन्याचा असला पाहिजे. गोडसे यांच्या बाबतीत हस्तलिखित विश्वासू हाती असल्याने तो काळ साधता आला. फोनच्या बाबतीत अशा मध्यस्थाची खात्री देता येत नाही.

बँकेची खातेवही : रोह्याचा संदर्भ

आर्थिक गोपनीयतेच्या संदर्भात रोह्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९४३ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात १९५५ चा भारतीय स्टेट बँक अधिनियम संमत झाला. या अधिनियमाच्या कलम ४४ ने ग्राहकाच्या व्यवहारांविषयी निष्ठा व गुप्तता पाळण्याचे बंधन बँकेवर घातले.

या व्यवस्थेत खातेवही बँकेच्या तिजोरीत राही. ग्राहकाजवळ पासबुक असे. ते हरवले तरी केवळ त्याच्या आधारे कोणाला पैसे काढता येत नसत. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय प्रणालीचा आरंभ झाला आणि हे चित्र पालटले. पासबुक, सही आणि तिजोरीची किल्ली या तिन्हींचे कार्य ग्राहकाच्या खिशातील एकच उपकरण करू लागले. बँकेचे बंधन कायम राहिले; परंतु ग्राहकाच्या हातातील साधनाची जबाबदारी प्रामुख्याने ग्राहकावर आली. या स्थित्यंतराची जाणीव समाजात पुरेशी रुजलेली नाही, हेच प्रस्तुत समस्येचे मूळ होय.

'पुसले' म्हणजे काय ?

कागद फाडला वा जाळला की मजकूर जातो. फोनमध्ये तसे घडत नाही. छायाचित्र काढून टाकले असता बहुधा त्याची सूचीतील नोंद जाते. मूळ मजकूर, त्या जागी दुसरी माहिती येईपर्यंत, शिल्लक राहू शकतो. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये पाच कंपन्यांच्या २१ वापरलेल्या अँड्रॉइड फोनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्यांच्या त्या फोनांत 'फॅक्टरी रीसेट' केल्यानंतरही संदेश, संपर्क व खात्यांत प्रवेश देणारे संकेत परत मिळविता आले.

पुढे परिस्थिती सुधारली. आयफोनमध्ये २००९ पासून आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांत सांकेतिकीकरण म्हणजे एन्क्रिप्शन अंगभूत आहे. अशा फोनची रीसेट क्रिया सांकेतिक किल्लीच नष्ट करते. मजकूर उरला तरी तो वाचता येत नाही. मोडी लिपी जाणणारा शोधून तरी सापडतो. येथे मात्र वाचकच उरत नाही. जुन्या फोनमध्ये ही सोय आपोआप सुरू असेलच असे नाही. म्हणून सेटिंगमधून एन्क्रिप्शन सुरू करून मगच रीसेट करणे आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट :

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याचे त्यात ठरविले आहे. या अधिनियमात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु तो माहिती हाताळणाऱ्या संस्थांविरुद्ध आहे. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६सी नुसार गुन्हा आहे. तथापि ही तरतूद नुकसान झाल्यानंतर उपयोगी पडते. फोन हातातून जाण्यापूर्वीची दक्षता कायदा घेऊ शकत नाही.

दक्षतेचा क्रम :

प्रथम आवश्यक माहितीची प्रत नव्या फोनवर किंवा संगणकावर घ्यावी व ती उघडून पाहावी. बँक व यूपीआयची नोंदणी जुन्या फोनवरून रद्द करावी. त्यानंतर गूगल किंवा अॅपल खात्यातून बाहेर पडावे. अन्यथा रीसेटनंतरही फोन जुन्या खात्याची मागणी करतो व घेणाऱ्याची अडचण होते. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, कारण फोन रीसेट केल्याने मेमरी कार्ड पुसले जाईलच असे नाही. ई-सिम असल्यास ते रद्द करावे. शेवटी रीसेट करून फोन अगदी नव्यासारखा सुरू होतो याची खात्री करावी. विक्रीच्या पावतीवर आयएमईआय क्रमांक व तारीख नोंदवावी.

मोबाईल क्रमांकही बदलत असेल तर बँक, आधार व ई-मेल येथील नोंदी आधी बदलाव्यात. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो आणि त्यावर येणारे संकेतांक नव्या धारकाकडे जातात. बंद पडलेला, रीसेट न होणारा फोन भंगारात घालू नये किंवा घरी फोडू नये. बॅटरी पेट घेऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे तो द्यावा आणि साठवण चिप नष्ट करण्याविषयी विचारणा करावी.

निष्कर्ष :

१) साधन बदलताना माहिती परक्या हाती जाण्याचा धोका स्मार्टफोनने निर्माण केलेला नाही, त्याची व्याप्ती व गती मात्र वाढविली आहे.

२) पूर्वी बँकेसारखी संस्था जी गुप्तता सांभाळीत होती, तिचा मोठा वाटा आज व्यक्तीला सांभाळावा लागतो.

३) फोनमधील माहिती केवळ फोनधारकाची नसते. मूर्तिकाराच्या फोनमध्ये ग्राहकांचे पत्ते असतात. अध्यापकाच्या फोनमध्ये विद्यार्थ्यांच्या गुणयाद्या, जातप्रमाणपत्रांची छायाचित्रे व शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक तपशील असतात. या विद्यार्थ्यांनी ती माहिती विश्वासाने दिलेली असते. त्यामुळे जुना फोन पुसून देणे हे अध्यापकाच्या बाबतीत व्यावसायिक कर्तव्य ठरते.

४) जतन आणि नाश यांत विरोध मानण्याचे कारण नाही. जे पुढील पिढ्यांसाठी राखावयाचे ते जाणीवपूर्वक निवडून सुरक्षित ठेवावे आणि उरलेले स्वतःच्या हाताने पुसावे. राजवाड्यांना जे दप्तर मिळाले ते बव्हंशी योगायोगाने टिकले होते. आजच्या माहितीचे भवितव्य योगायोगावर सोडता येणार नाही.