कर्णपरीक्षा
कर्णपरीक्षा : बाह्यकर्ण, कर्णनाल व कर्णपटल (कानाचा पडदा) यांची प्रत्यक्ष पाहणी करून कर्णरोगाचे निदान करण्याची पद्धती. कर्णनाल अरुंद व वक्र असल्यामुळे पडदा सहजासहजी दिसत नाही. त्यावर प्रकाश कसा पोहोचवावा, या प्रश्नाच्या उकलीतूनच या परीक्षेचा इतिहास घडला.

प्राचीन भारतात कर्णरोगांचा विचार शालाक्यतंत्र या आयुर्वेदाच्या अंगात होत असे. चरकसंहितेत ४, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग वर्णिले असून कर्णस्राव, कर्णगूथ (मळ), बाधिर्य इत्यादींचा त्यांत समावेश होतो. पाच ज्ञानेंद्रिये व प्रश्न यांच्या साहाय्याने रोगपरीक्षा करावी, असे सुश्रुतांचे मत होते. पडदा उजळून पाहण्याची सोय मात्र पुष्कळ पुढे झाली.

जर्मन वैद्य होफमान यांनी १८४१ मध्ये मध्यभागी छिद्र असलेला आरसा वापरून सूर्यप्रकाश कानात परावर्तित केला. ट्रल्च यांनी १८५५ मध्ये पॅरिस येथे असा अंतर्गोल आरसा प्रचारात आणला. त्याच वर्षी रिने यांनी नादकाट्याची श्रवणचाचणी सुचविली. १८६५ मध्ये ब्रंटन यांनी आरसा व नरसाळे एकाच उपकरणात जोडले. पुढे विजेच्या छोट्या दिव्यामुळे कर्णदर्शक सहज जवळ बाळगता येऊ लागला. तपासताना प्रौढांची पाळी वर व मागे, तर लहान मुलांची खाली व मागे ओढतात. त्यामुळे नाल सरळ होते.

या सुलभतेचे महत्त्व नंदुरबारसारख्या जिल्ह्यात विशेष जाणवते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सु. ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे सातपुड्यात विखुरलेले असून नर्मदाकाठच्या गावांत नौकेवरील दवाखान्यांमार्फतही सेवा पोहोचविण्यात आली आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांच्या तपासणीत मध्यकर्णशोथाचा अंतर्भाव आहे. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

वारंवार कान फुटण्याकडे दुर्लक्ष झाल्यास पडद्याला कायमचे छिद्र राहून श्रवणशक्ती घटते. बालपणी त्याचा परिणाम भाषा व शिक्षण यांवरही होतो. पडदा शाबूत आहे की नाही, हे न पाहता कानात तेल वा रस घालणे अपायकारक ठरू शकते. म्हणून उपचारापूर्वी कर्णपरीक्षा आवश्यक होय.