सव्हॅनाची भुतं आणि गोष्टीबाहेरची माणसं

आज भुतांच्या गोष्टी सांगणार आहे. मात्र शेवटी ज्यांच्याबद्दल बोलायचंय, ती भुतं नाहीत.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सव्हॅना हे इंग्रजांनी वसवलेलं जुनं शहर आहे. तिथे रात्री भुतांची पबफेरी निघते. गाइड पुढे, आपण मागे. एका पबमध्ये बिअर घ्यायची, तिथल्या भुताची गोष्ट ऐकायची, की चला पुढच्या पबकडे! जुन्या शहरात प्लास्टिकच्या पेल्यातून दारू घेऊन रस्त्याने फिरायला परवानगी आहे. मीही एकदा या फेरीत गेले होते.

गंमत बघा. जेम्स ऑगलथॉर्पने १७३३ मध्ये हे शहर वसवलं आणि १७३५ मध्ये वसाहतीत दोन गोष्टींवर बंदी आली: रम आणि गुलामगिरी. गुलामगिरीवरच्या बंदीमागे निव्वळ दया नव्हती. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश लोक होते. सीमेवर बंदूक धरणारे छोटे शेतकरी हवे होते, बंड करू शकतील असे गुलाम नकोत, हा हिशेब होता. रमवरची बंदी १७४२ मध्ये उठली, गुलामगिरीवरची १७५१ मध्ये. पुढे भात आणि कापूस पिकला, शहर श्रीमंत झालं. ज्या देखण्या इमारतींत आपण बिअर पितो, त्या याच पैशातून उभ्या राहिल्या.

आता भुतं. १८२१ च्या सिटी हॉटेलच्या इमारतीत आज पब आहे. १८३२ मध्ये तिथल्या बारमध्ये डॉक्टर फिलिप मिनिस यांनी जेम्स स्टार्क यांना गोळी घातली. खटला चालला, डॉक्टर निर्दोष सुटले. तिथे बाटल्या आपोआप उडतात म्हणे. पुढे कलोनियल पार्क दफनभूमी लागते. १८२० च्या पीतज्वरात दगावलेल्या सुमारे सातशे जणांची आठवण तिथल्या फलकावर आहे. रात्री फाटक बंद असतं, म्हणून गोष्ट कुंपणाबाहेरूनच ऐकायची.

फेरी संपली तेव्हा माझ्या मनात आपल्याकडचा मुंजा आला. पिंपळावर मुंजा आहे म्हणतात, तेव्हा तो कुणाचा कोण, हे गावाला ठाऊक असतं. भूत व्हायलाही आधी नाव लागतं. मग ज्यांची नावंच कुणी जपली नाहीत, त्यांचं काय?

शहराच्या पश्चिमेला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. २ आणि ३ मार्च १८५९ ला तिथे पिअर्स बटलर नावाच्या मळेवाल्याने कर्ज फेडण्यासाठी माणसं विकायला काढली. यादीत ४३६ जण होते, तान्ह्या बाळांसकट. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. म्हणून त्या लिलावाला आजही 'रडण्याची वेळ' म्हणतात. ते मैदान माझ्या फेरीच्या वाटेवर नव्हतं.

दुसरी जागा मात्र जुन्या शहरातच आहे. गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅलहून यांचं नाव तिथल्या एका चौकाला होतं. आणि त्याच भागात जमिनीखाली गुलामांची दफनभूमी! २०२२ मध्ये शहराने ते नाव काढलं आणि २०२३ मध्ये सुझी किंग टेलर यांचं नाव द्यायचं ठरवलं. १८४८ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली ही मुलगी, शिकायला बंदी असताना, पुस्तकं कागदात गुंडाळून सव्हॅनातल्या चोरट्या शाळेत जायची. पुढे ती शिक्षिका झाली, यादवी युद्धात तिने सैनिकांची शुश्रूषा केली.

भुताच्या गोष्टीला माझी हरकत नाही. इतिहासाच्या दारापर्यंत ती आपल्याला आणते. पण कुठल्याही जुन्या गावात अशी गोष्ट ऐकलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: इथे आणखी कोण मेलं होतं?

भेटू पुढच्या भागात.