तापीवरील होडी आणि पाण्याचा हक्क

सुरतेचे नाव निघताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या १६६४ च्या जानेवारीतील आणि १६७० च्या ऑक्टोबरातील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या. इंग्रजी अमदानीच्या अभ्यासकाला १६१२ साली सुवाळीच्या समुद्रात इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात झालेली झुंज आठवते. या साऱ्या चित्रांत तलवारी आहेत, तोफा आहेत, मोठमोठी गलबते आहेत. परंतु जिच्यावाचून हे बंदर एक दिवसही चालले नसते, ती लहान होडी मात्र कोठेच दिसत नाही.

वास्तविक तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे विलायती जहाजे शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीला नांगरून पडत आणि माल होड्यांतून व बैलगाड्यांतून सुरतेस येई. पहिल्या स्वारीच्या वेळी भयभीत नागरिकांना नदीपार नेले तेही होड्यांनीच. या होड्या हाकणारे लोक मूळचे माछी आणि खलाशी. व्यापारी आले आणि गेले, नबाबी गेली, कंपनी गेली, १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचेही दोन तुकडे झाले. परंतु भरतीबरोबर नदीत शिरावे व ओहोटीबरोबर बाहेर पडावे, हा या लोकांचा क्रम चालू राहिला.

आपल्याकडे हिलाच कोणी डोण म्हणतात, कोणी होडी, तर गोमंतकात व्हडें. एका झाडाचे खोड कोरून केलेली ही नौका मुंबईच्या व काठेवाडच्या किनाऱ्यावर बहुधा मलबारातून येत असे, असे जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञाने नोंदविले आहे. भारतीय नौकांच्या रचनेवरील त्याचा निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला. ज्या प्रांतात मोठी झाडे त्या प्रांतात डोण कोरावी, आणि ती शेकडो कोस दूरच्या खाडीत मासळीसाठी वापरावी, असा हा किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेला व्यवहार होता. सारस्वतांच्या दक्षिणोत्तर स्थलांतराचा अभिमान बाळगणाऱ्या आपण या मुक्या प्रवाशालाही विसरू नये.

खाडीतील मासेमारी म्हणजे चंद्राच्या पंचांगाची उपासनाच होय. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. भावनगराकडे तर उधाणाच्या वेळी पाणी दहा मीटरांहूनही अधिक चढते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे गणित कोळ्याच्या मुलाला अक्षरओळखीआधी येते. डोल नावाचे पिशवीसारखे जाळे प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचे, वाहत्या पाण्याने बोंबील त्यात लोटायचे आणि पाणी वळण्यापूर्वीच्या अल्पशा निवांत वेळात जाळे उपसून घ्यायचे. घटका चुकली की श्रम फुकट. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून निवट्या निघतात. सुरतकर त्यांना लेवटा म्हणतो. पावसाळ्यात पाला नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्याकडे वर चढतो. नदी आणि समुद्र यांच्यातील हा मार्ग मोकळा असणे, हीच त्याच्या वंशाची अट होय.

आता प्रश्न असा की, हे पाणी कोणाचे? हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याने नावध्यक्षाच्या प्रकरणात मासे धरणाऱ्यांकडून नौकेच्या भाड्यादाखल उत्पन्नाचा सहावा हिस्सा घ्यावा, असे सांगितले आहे. अर्थात राजाचा अधिकार मान्य झाला, तसाच मासेमाराचा व्यवसायही मान्य झाला. ब्रिटिश काळात १८७६ साली बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा हा दावा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की, समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वांचा समान आहे. परंतु तो प्रत्येकाने न्याय्य व वाजवी रीतीने बजावला पाहिजे, आणि एकाच्या वर्तनाने दुसऱ्याचा समान हक्क अडून त्याची विशेष हानी झाली तर त्याला दाद मागता येते. पुढे १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास बंदी केली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली चिल्का सरोवरासंबंधीच्या आनंद बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील हितसंबंध आहे, असा निर्णय दिला.

हे निर्णय वाचताना एक गोष्ट लक्षात येते. १८७६ च्या तत्त्वात दोन्ही पक्ष मासेमारच आहेत. एकाचे जाळे दुसऱ्याच्या जाळ्याआड येते, एवढाच वाद. परंतु ज्याला मासे धरायचेच नाहीत, तरीही ज्याच्या कृतीने मासा येण्याचा मार्गच बंद होतो, त्याच्याविरुद्ध होडीवाल्याने कोणाकडे पाहावे? १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले, १९९० च्या दशकात खुद्द शहरात सिंगणपूरचा बंधारा-पूल झाला. खारे पाणी अडविणे आणि शहराला गोडे पाणी पुरविणे हे या शेवटच्या बांधकामाचे उद्दिष्ट होते. धरणांनी शेती पिकविली, वीज दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. यद्यपि २००६ च्या ऑगस्टातील महापुराने मनुष्याच्या गणिताची मर्यादाही सुरतेला दाखविली. परंतु पाला मासा वर चढण्याचा मार्ग या साऱ्या हिशेबात कोणाच्याच खात्यात जमा धरलेला दिसत नाही.

नदीमुखावरील हजिऱ्यात १९८० नंतर कारखाने आले, पुढे बंदरही आले. तेथील मच्छीमारांच्या अर्जावर ८ जानेवारी २०१६ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने बंदराच्या विस्ताराची पर्यावरण-मंजुरी रद्द केली आणि २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. निकालाचा अंतिम परिणाम काहीही होवो. कागदपत्रे जवळ नसलेल्या होडीवाल्याचा वहिवाटीचा हक्क न्यायासनापुढे मांडता येतो, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

तापी ही आपल्याला परकी नाही. बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावून ती खानदेशातून वाहत सुरतेस जाते, आणि खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी तिच्याच काठाने सुरतेच्या गिरण्यांत गेली. सुरतकर आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव करून तिला चुनरी अर्पण करतात. आपण नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ वाहतो. महाभारतकार व्यासांची माता मत्स्यगंधा ही होडी वल्हविणारी धीवरकन्या होती, हेही आपण श्रद्धेने सांगतो. जी संस्कृती आपल्या आद्य ग्रंथकाराचा जन्म होडीवालीच्या पोटी मानते, तिने होडीवाल्याच्या उपजीविकेकडे दयेच्या दृष्टीने नव्हे, न्यायाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. नवा बंधारा वा भराव मंजूर होण्यापूर्वी खाडीत कोणाची जाळी लागतात, मासा कोणत्या ऋतूत वर चढतो, हे त्या लोकांस विचारून लिहून घ्यावे आणि त्या नोंदीला पुराव्याचे मोल द्यावे. १८७६ सालच्या न्यायतत्त्वाला आज एवढाच विस्तार हवा आहे: पाण्याचा वाजवी उपयोग करण्याचे बंधन जाळे टाकणाऱ्यावर आहे, तसेच ते भिंत बांधणाऱ्यावरही असावे.