पार्टी बिलाचे पैसे देत नाही? 45 दिवसांचा नियम आणि ऑनलाइन तक्रार

करमाळा तालुक्यात उजनीच्या पट्ट्यात केळी भरपूर पिकते. समजा, तुम्ही केळी पॅकिंगचे बॉक्स बनवता आणि पुण्याच्या एका एक्स्पोर्ट कंपनीला 4 लाखांचा माल दिलाय. चार महिने झाले तरी पार्टी म्हणते, “पुढच्या आठवड्यात टाकतो.” कोर्टात जायचं तर खर्च आणि तारखा. पण छोट्या उद्योगांसाठी वेगळा कायदा आहे आणि त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

कायदा काय सांगतो?

2006 च्या एमएसएमई विकास कायद्यात हे नियम आहेत:

- लेखी करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे. पण ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.
- तारीख ठरलीच नसेल तर 15 दिवस.
- मालाबद्दल तक्रार असेल तर पार्टीने ती 15 दिवसांत लेखी कळवायची. नाही कळवली, तर माल मिळाला त्या दिवसापासून मुदत मोजतात.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट 5.5 टक्के धरला तर व्याज 16.5 टक्के!

हा फायदा कोणाला?

माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना. मध्यम उद्योगांना नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जापुरती. थकीत बिलासाठी ती चालत नाही.

नोंदणी कधी करायची?

आजच. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. फी मागणारी साइट सरकारी नाही, हे लक्षात ठेवा.

घाई का? 2022 च्या महाकाली फूड्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की करार करताना नोंदणी नसेल तर नंतर नोंदणी करून जुन्या बिलासाठी हा फायदा घेता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या एका खंडपीठाने वेगळं मत मांडलं आणि हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. त्या वादात अडकण्यापेक्षा ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करा.

अर्ज कुठे जातो?

2017 मध्ये ‘एमएसएमई समाधान’ पोर्टल आलं आणि जून 2025 मध्ये ‘ओडीआर’ पोर्टल. उद्यम नंबर टाकायचा, पार्टीची माहिती भरायची, बिलं अपलोड करायची. अर्ज सुविधा परिषदेकडे जातो. पार्टी दिल्लीची असली तरी प्रकरण तुमच्या भागाच्या परिषदेपुढेच चालतं. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. कायद्यात 90 दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला कोर्टात जायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

तीन वर्षांची मर्यादा

‘सोनाली पॉवर विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं, की तडजोडीला मुदतीचा कायदा लागत नाही, पण लवादाला लागतो. म्हणजे साधारण तीन वर्षं उलटून गेलेल्या बिलासाठी बोलणी होऊ शकतात, पण सक्तीने वसुली अवघड. “बघू नंतर” हेच इथे महागात पडतं.

मोबाइलमध्ये काय जपायचं?

ऑर्डरचा मेसेज, बिल, सही केलेलं डिलिव्हरी चलन, बँकेतल्या जमा-नोंदी. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. मूळ चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ नोंद हाताशी हवी.

तक्रारीआधी एक पाऊल

तक्रार केली की पार्टी तुटेल, ही भीती खरी आहे. म्हणून आधी ईमेलने आठवण द्या. त्यात उद्यम नंबर, बिलाची तारीख आणि आतापर्यंतचं व्याज लिहा. आयकराचा नियमही कळवा: 2023-24 पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. हे पार्टीच्या सीएला लगेच कळतं. बऱ्याचदा फोन तिथूनच येतो. नाही आला, तर पोर्टल आहेच.